जेवणाआधीची जागा

मी एका मुलीला एकाच मेळाव्यात दोनदा लग्नाला उभं केलं. एकदा रिकाम्या खुर्च्यांसमोर आणि एकदा भरलेल्या सभागृहासमोर. पहिल्यांदा तिचं भलं करायला गेले होते, दुसऱ्यांदा ते केलेलं भलं निस्तरायला. दोन्ही वेळा मला कोणी काही करायला सांगितलं नव्हतं, हे विशेष.

आता हे सांगायला फारशी लाज वाटत नाही. नातवंडं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि वयाचा एक फायदा असा की आपलीच जुनी चूक शेजारणीची असल्यासारखी मिटक्या मारत सांगता येते. खरं म्हणजे ती तेव्हाची बाई मला शेजारीणच वाटते. नांदेडच्या एका सरकारी कचेरीत जन्मभर आवक-जावक सांभाळून नुकतीच निवृत्त झालेली. गळ्यात चष्म्याची दोरी, पर्समध्ये पेनड्राइव्ह. सरकारनं सोडल्याबरोबर समाजानं आपल्याला धरावं, अशी तिची फार इच्छा. समाज काही धरेना, मग तिनंच समाजाला धरलं.

आमचं मंडळ वधू-वर परिचय मेळावे घ्यायचं. एक नांदेडला, पुढचा लातूरला, असे आलटूनपालटून. सकाळी त्रिशरण-पंचशील व्हायचं, पाहुण्यांना पुष्पगुच्छ, आणि मग एकेक नाव पुकारायला सुरुवात. पुकारलं की मुलानं किंवा मुलीनं मंचावर जायचं, नाव, गाव, शिक्षण, नोकरी आणि अपेक्षा एवढं माइकवर सांगायचं आणि खाली उतरायचं. मागं पडद्यावर त्याचा किंवा तिचा फोटो. खाली खुर्च्यांवर आया, आत्या, मावश्या, मांडीवर परिचय पुस्तिका उघडी, हातात पेन. पसंत पडलं की नावापुढं बरोबरची खूण. यात कोण आधी, कोण नंतर याला काय महत्त्व, असं ज्याला वाटत असेल त्यानं आपल्या पोरीला कधी तिथं उभं केलेलं नाही.

त्या यादीनं आमच्या मंडळात जेवढी भांडणं लावली तेवढी निवडणुकीनंसुद्धा लावली नसतील. आधी ती नावनोंदणीच्या क्रमानं निघायची. मग कोणीतरी आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लावली, तर शेवटच्या अक्षरांची माणसं म्हणाली, आम्ही काय जन्मभर मागंच का. वयाप्रमाणे लावली, मुलींच्या आया रुसल्या. शिक्षणाप्रमाणे लावली, तर डॉक्टर वर आणि ट्रॅक्टर चालवणारा खाली. त्या मुलाच्या चुलत्यानं अध्यक्षांना चहाच्या टेबलावरच विचारलं होतं, समतेवर भाषणं ठोकता आन यादी अशी लावता का? अध्यक्षांचा चहा तसाच राहिला.

शेवटी ठरलं की यंत्रानं लावलेला कोणताच क्रम नको. आपला क्रम आपण लावायचा, आणि गरज पडेल तसा बदलायचा. कोण करणार हे? त्या बाईनं कोणी विचारायच्या आत हात वर केला.

लातूरला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवणारी एकजण आमच्या मंडळात होती. तिनं कोणाकडून तरी मंडळासाठी एक छोटासा प्रोग्राम करून घेतला होता. प्रत्येक उमेदवाराची एक नोंद, आणि नोंदीच्या शेवटी एक रकाना: क्रम. त्यात आकडा टाकायचा, की लहान आकडा वर, मोठा खाली, अशा सगळ्या नोंदी शहाण्या पोरांसारख्या उभ्या. इतकं सोपं. आणि ज्या बाईला घरातले डबेसुद्धा एका जागी राहू देववत नव्हते, त्या बाईच्या हाती हा रकाना आला.

तिनं काय करावं? एक, दोन, तीन, चार असे ओळीनं आकडे टाकले. सुंदर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी नायगावहून एका आईचा फोन आला, आमचीला अमक्याच्या आधी घ्या. अमका होता सातव्या आकड्यावर. म्हणजे नायगावची सातवर, सातचा आठवर, आठचा नऊवर, असं करत पार शेवटपर्यंत. बाई दुपारभर आकडे ढकलत बसली. वरणाचं भांडं करपलं. घरातले हे म्हणाले, "तू यादी लावून राहिलीस का भिंत बांधून राहिलीस? एक वीट काढली की सगळी पाडतीस."

लातूरची झेरॉक्सवाली नांदेडला बहिणीकडं आली होती, तिला दाखवलं. ती हसून हसून बेजार झाली. म्हणाली, "ताई, लुगडं एवढं चापून नेसलं तर चालणार कसं? जरा ढील ठेवा की. दहा, वीस, तीस टाका. मधी कोणी आलं तर पंधरा. बाकीच्यांना हात लावायचं कामच न्हाई."

हे ऐकून ती बाई इतकी हरखली की जणू आकड्यांमधली ती मोकळी जागा तिनंच शोधून काढली. आता तिला कोणालाही कुठंही बसवता येत होतं. फोन आला की सरकव. हे पुण्याच्या कंपनीत आहेत, जरा वर. ते मागच्या वेळी फार बोलले, जरा खाली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत एक नोंद इकडून तिकडं. फोन नाही आला तरी तिला चैन पडायचं नाही; दोन वकील पाठोपाठ नकोत, दोन उंच मुलं शेजारी नकोत. रात्री जुळवलेला क्रम सकाळी चहाबरोबर परत विस्कटायचा. बोटं शिवशिवायची तिची.

पण सगळ्यांची मागणी एकच असायची. ताई, जेवणाच्या जरा आधी घ्या. हदगाव असो, उदगीर असो, निलंगा असो, जेवणाच्या आधी. त्या बाईनं याचा अर्थ काय लावला असेल? की लोकांना सकाळी लवकर निघायचा कंटाळा, आणि जेवल्यावर बस गाठायची घाई. पोरांच्या लग्नाच्या बाबतीतसुद्धा माणसं किती सोय बघतात, असं ती यांच्याजवळ बोललीसुद्धा. यांनी पेपर वर केला आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही.

जेवणाआधीच्या त्या टप्प्यात इतकी दाटी झाली की दहाच्या फटी भरून गेल्या. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मध्ये कोणाला बसवायचं म्हणून तिनं साडेसत्तेचाळीस टाकले. रकान्याला अपूर्णांक चालत नव्हता. त्यानं मुकाट्यानं त्याचे अठ्ठेचाळीस करून घेतले. दोन अठ्ठेचाळीस झाले की कोण पुढं हे यंत्राच्या मर्जीवर. घरी एक पुढं दिसायचा, मेळाव्यात दुसरा. त्यावरून दोन विहिणी होऊ शकल्या असत्या अशा बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मग झेरॉक्सवालीनं एक बटण करून घेतलं. ते दाबलं की माणसं आहेत त्याच क्रमानं राहायची, फक्त आकडे नव्यानं पडायचे, दहापासून दहा-दहाच्या फरकानं. फटी पुन्हा मोकळ्या. दहाच्या खालच्या आकड्यांना मात्र ते बटण शिवायचं नाही. ती जागा सूचनांसाठी राखलेली होती: मोबाइल बंद ठेवा, चपला बाहेर काढा, वगैरे.

त्या मुलीला मी नेमकं तिथं नेऊन ठेवलं.

ती उदगीरची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. तिशी उलटलेली, सावळी, फोटोत अजिबात न हसलेली. आई नव्हती. वडील रेल्वेत खलाशी म्हणून निवृत्त झालेले, मेळाव्याला तिच्याबरोबर यायचे आणि शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसायचे. त्यांच्या घरून मला कधी फोन आला नाही, आणि इथं त्या यादीची गंमत होती. जो मागेल त्याला वर घेतलं की न मागणारा आपोआप खाली सरकतो. कोणी त्याला ढकललेलं नसतं. दोन मेळावे झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ही मुलगी घसरत घसरत पार तळाला गेली आहे. तिची पाळी यायची तेव्हा मांडववाला खुर्च्या एकात एक घालत असायचा.

त्या बाईच्या काळजात कालवाकालव झाली. कालवाकालव झाली की थोडं थांबावं, कोणाला तरी विचारावं, हे तिला कोण सांगणार? तिनं मुलीच्या नोंदीत आकडा टाकला: एक. आता हिच्या आधी कोणी नाही. कितीही माणसं सरकली, कितीदा ते बटण दाबलं, तरी ही वरच. कचेरीत आवक रजिस्टरला जो अर्ज पहिला त्याचं काम पहिलं, हेच तिला ठाऊक. तिनं स्वतःची पाठ थोपटली आणि ती दुसऱ्या नोंदी हलवायला लागली. या मुलीची नोंद तेवढी मग कधी हलवावी लागलीच नाही, आणि जे हलवावं लागत नाही ते माझ्या डोक्यातून जातं. नांदेड झालं, लातूर झालं, परत नांदेड झालं. प्रत्येक वेळी पहिली तीच.

आणि प्रत्येक वेळी मी कुठं होते? मागच्या खोलीत, प्रिंटरपाशी. पुस्तिकांची पुरवणी काढत, ऐनवेळी आलेल्यांची नोंद करत, कागद अडकला म्हणून झाकण आपटत. सुरुवातीचे कार्यक्रम मी कधी पाहिलेच नव्हते. मंचावरून पहिलं नाव ऐकू आलं की मनात म्हणायचे, चला, पोरीला मान मिळाला.

मग लातूरच्या मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात तिच्या वडिलांचा फोन आला. पहिल्यांदाच. जय भीम घातला, प्रकृती विचारली, पाऊसपाणी विचारलं.  मग म्हणाले की पोरगी म्हणून राहिलीय, ह्या खेपंला येते, पण ह्याच्यानंतर मी त्या मंचावर उभी राहणार न्हाई. नाव काढून टाका म्हणती. दर खेपंला ड्युटी बदलून घ्यावी लागती, वरून मोठ्या सिस्टरची बोलणी. मी त्यांना म्हटलं, काका, तिचं सगळं नीट केलंय मी, काळजी करू नका. ते म्हणाले, बाई, तुमच्याबद्दल काही म्हणणं न्हाई. तेवढं जरा बघा.

काय बघू? सगळ्यात वर तर ठेवली होती. याच्या वर जागा आहे का?

त्या दिवसापासून जीव थाऱ्यावर राहिला नाही. यादी उघडायची, तिची नोंद वरच आहे ना बघायचं, बंद करायची, परत उघडायची. फोटो बदलायला सांगावा का? पगार ठळक अक्षरात टाकावा का? लातूरला निघाले तर बसमध्येही तेच. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, दर थांब्याला पर्स उघडून पेनड्राइव्ह चाचपून बघत होते. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं, दागिने आहेत का हो? मी म्हटलं, लग्नं आहेत. ती खिडकीकडं सरकली.

लातूरला पोचले तर मागची खोली आचाऱ्यानं घेतलेली. कोथिंबिरीच्या जुड्या, कढया, बादल्या. झेरॉक्सवालीनं माझं टेबल सभागृहातच, मंचाच्या कडेला लावलं होतं. माझ्या संगणकातून एक वायर मंचावरच्या लॅपटॉपला गेलेली. तिथं आमचे निवेदक बसायचे, निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणायचे. ते 'पुढचा' बटण दाबायचे, पडद्यावर पुढची नोंद यायची, ते वाचायचे. माणसाकडं बघायचे नाहीत, फक्त पडद्याकडं.

वंदना झाली. पुष्पगुच्छ झाले. सरांनी बटण दाबलं, आणि ज्या पहिल्या जागेवर मी त्या मुलीला एवढ्या मेळाव्यांत मिरवलं होतं, ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

खुर्च्या रिकाम्या होत्या. मागं चारदोन म्हातारी माणसं, पुढं पाहुण्यांची रांग, तेही एकमेकांचे पुष्पगुच्छ बघत. बाकी सगळा मेळावा बाहेर पोह्यांच्या रांगेत. माइक कुईं करून किंचाळला, एकजण मंचावरच गुडघ्यांवर बसून वायर जोडत होता. आचाऱ्याची दोन माणसं पाण्याचं पिंप फरशीवरून ओढत नेत होती. आणि त्या सगळ्यात ती मुलगी उभी. हिरवी साडी, केसांना तेल, हात बाजूला सरळ. ती बोलत होती. ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही येत नव्हता. शेवटच्या रांगेत तिचे वडील टोपी मांडीवर ठेवून मान पुढं काढून ऐकायचा प्रयत्न करत होते. ती बोलून झाली, वाकून नमस्कार केला, खाली उतरली. वायरवाला म्हणाला, हॅलो, हॅलो, आता येतंय का?

म्हणजे मागच्या वेळी असंच, त्याच्या आधी असंच. माझ्या पुढ्यातून दोन बायका पोह्यांच्या बश्या घेऊन आत आल्या. एकीनं पुस्तिका उघडली आणि दुसरीला म्हणाली, ती पहिलीवाली अजून हायच का गं? दुसरी म्हणाली, असती कायम. दुकानात पुढं लावलेलं लुगडं कुठं कोण घेतंय.

मुलगी त्यांच्या मागूनच जाऊन वडिलांजवळ बसली. ऐकलं की नाही ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. फोटोतल्यासारखंच तोंड.

आता शहाणी बाई काय करेल? उठेल, सरांकडं जाईल, कानात सांगेल की सकाळी माइक बंद होता, तेव्हा या मुलीला परत एक संधी द्या. दहा पावलांवर सर होते. पण त्या बाईच्या हाताखाली यादी होती, आणि यादी हाताखाली असताना ती माणसांशी कशाला बोलेल? जेवणाआधीच्या दाटीत तिनं एक फट शोधली, मुलीच्या नोंदीतला एक खोडला, तिथला आकडा टाकला आणि जतन केलं. झालं. मग पदरानं मान पुसली आणि पाणी प्यायली. कोणाला सांगितलं नाही. सरांना नाही, मुलीलाही नाही.

हे सगळं सुचून हात हलेपर्यंत कार्यक्रम निम्म्यावर आला होता, सभागृह भरलं होतं. सरांनी बटण दाबलं आणि पुढचं नाव वाचलं, आणि तिसऱ्या रांगेतून एक धिप्पाड बाई ताडकन उठली. हदगावची. तिच्या मुलाची पाळी होती आणि सरांनी त्याच्या पुढच्याचं नाव घेतलं होतं. तिला काय माहीत काय झालं; मलाही ते कळायला थोडा वेळ लागला. सरांचं बटण नाव बघत नव्हतं, जागा मोजत होतं. रांगेतलं पहिलं माणूस काढून मागं नेलं की सगळे एक पाऊल पुढं येतात. सरांचं बोट होतं तिथंच राहिलं, आणि त्या बोटाखालून हदगावचा मुलगा सुमडीत पुढं निघून गेला, न पुकारता. एका नोंदीला हात लावला आणि भलताच पोरगा लग्नातून बाद.

ती माउली थेट माझ्या टेबलावर आली. कॉटनची साडी खोचून, पुस्तिकेची सुरळी करून. पोराला शेतातल्या कामातून उचलून आणलंय, सोयाबीन तसंच पडलंय, आन तुम्ही त्याला गिळून टाकलं का, असं म्हणाली. मी म्हटलं, जेवण झाल्या झाल्या पहिलं नाव त्याचंच. ती म्हणाली, जेवल्यावर लोक झोपतात हे नांदेडच्या लोकांना माहीत न्हाई का? मला माहीत नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं, हे मला त्या एका सकाळीच कळत चाललं होतं.

मी तिला समजावत होते आणि माझ्या पाठीमागं सरांनी बटण दाबलं. पडद्यावर न हसलेला फोटो आला. सरांनी सवयीनं वाचून टाकलं, नाव, उदगीर, परिचारिका.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मग कोणीतरी म्हणालं, ह्या झाल्या की सकाळीच. कोणीतरी हसलं. सरांनी पडद्याकडं बघितलं, पुस्तिकेकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. हदगावची माउलीसुद्धा माझ्याशी भांडायची थांबून वळून बघायला लागली. मला वाटलं, फरशी दुभंगावी आणि संगणकासकट आत जावं. त्या पोरीनं ही शेवटची खेप म्हणून ड्युटी बदलली, बस धरली, आणि मी तिला भरल्या सभेत परत उभी केली, कोणी निवडली नाही म्हणून फेरविक्रीला काढल्यासारखी. सर 'पुढचा' दाबायला वाकले.

ती उठली. वडिलांनी तिचा हात धरला असावा, कारण ती क्षणभर थांबली, मग सोडवून पुढं आली. मंचावर चढताना कुठंही घाई नव्हती. माइक तिनं बोटानं टकटक करून बघितला.

"सकाळी मी बोलले तेव्हा हे चालू नव्हतं, आन तुम्ही बाहेर होता," ती म्हणाली. "म्हणून परत सांगते."

हशा झाला, पण चांगला. मग तिनं नाव, गाव, शिक्षण सांगितलं, आणि अपेक्षा सांगितल्या. रात्रपाळीची नोकरी सोडणार नाही. वडील एकटे आहेत, ते माझ्याजवळ राहतील, आणि हे लग्नाआधी मान्य पाहिजे, लग्नानंतर नाही. बाकी मुलगा कसा का दिसेना, माझी हरकत न्हाई. पुन्हा हशा. तिनं सकाळी रिकाम्या खुर्च्यांना नेमकं हेच सांगितलं असणार. आणि त्याच्या आधीच्या सगळ्या मेळाव्यांतही. मी पहिल्यांदा ऐकत होते. ती बोलत असताना खाली पेनं चालत होती, मी पाहिलं. किती ते मोजलं नाही, मोजायची छाती नव्हती.

जेवणाची सुट्टी झाली.  मी टेबलाशीच बसून राहिले, आकडा परत एक करावा का, आहे तिथं ठेवावा का, का पुढच्या नांदेडच्या मेळाव्यासाठी आत्ताच एखादी चांगली फट बघून ठेवावी. बोटं की-बोर्डवर होती. तेवढ्यात ती ताट घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. भात कालवत म्हणाली, मावशी, हे तुम्ही केलं ना?

मी सगळं सांगितलं. एक आकडा कधी टाकला, का टाकला, बटण दहाच्या खाली का जात नाही, सकाळी काय पाहिलं, मग काय केलं. यादी फिरवून तिला रकानाही दाखवला. ती जेवत जेवत बघत होती. मध्येच विचारलं, मग माझ्या जोडीला कोणकोण होतं? मी म्हटलं, चपला बाहेर काढा आणि मोबाइल बंद ठेवा. ती हसली. फोटोत न दिसलेले दात दिसले, एक जरा वाकडा.

मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, "आमच्या दवाखान्यात आधी त्याला आत घेतात, ज्याची हालत सगळ्यात वाईट. एवढ्या खेपा मला पहिली बोलावून राहिले, तर मला वाटलं, तुम्ही माझी हालत बघितली."

 मी तिच्या ताटातली शिल्लक राहिलेली लिंबाची फोड उगाच सरळ केली. मग विचारलं, तुझ्या बाबांनी सांगितलं होतं, नाव काढून टाकायचं. काढू का? विचारताना माझं बोट त्या रकान्यावरच होतं, आणि ते तिनं बघितलं. तिच्या बाबांकडं तिनं एकदा मान वळवून पाहिलं. ते हात धुवायच्या रांगेत कोणाशी तरी बोलत उभे होते, दोन अनोळखी बायका, पेन हातात. ती उठली, पदर झटकला, आणि माझं बोट की-बोर्डवरून हलकेच उचलून बाजूला ठेवलं.

"नाव राहू द्या, मावशी. पण ह्याच्यापुढं माझा नंबर हलवायच्या आधी मला फोन करायचा. ड्युटीवर असले आन उचलला न्हाई, तर जिथं हाय तिथंच ठेवायचं."